शिगेचं माप

'ओव्हरक्लॉकिंग' ह्या शब्दाला धड मराठी प्रतिशब्द नाही. 'अतिवेगन' म्हटलं की एक्सप्रेस-वेवरची पावती डोळ्यांसमोर येते, आणि 'घड्याळवृद्धी' म्हटलं तर डोळ्यांसमोर काहीच येत नाही. तेव्हा आहे तोच शब्द ठेवू. अर्थ अगदी साधा आहे: कारखान्याने प्रोसेसरवर जो वेग छापून दिला, त्याहून जास्त वेगाने तो मुद्दाम चालवायचा. पैसे कमी वेगाचे द्यायचे आणि काम जास्त वेगाचं करून घ्यायचं.

भाचा नवा डेस्कटॉप जुळवतोय. त्याने विचारलं, "मामा, ओव्हरक्लॉक केला की प्रोसेसर जळतो का हो?" 'हो' म्हटलं तरी अर्धवट आणि 'नाही' म्हटलं तरी अर्धवट. पूर्ण उत्तर द्यायचं तर चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं, आणि ते फोनवर जमत नाही. म्हणून हा लेख. (घरातली जी वडीलधारी मंडळी हे पान केवळ माझ्या प्रेमापोटी वाचतात त्यांनी घाबरू नये. स्क्रू-ड्रायव्हर लागणार नाही.)

आधी एक जुना शब्द आठवू या. पूर्वी धान्य पायलीने, शेराने मोजायचे. मापाच्या काठाच्या वर जो ढीग राहतो त्याला 'शीग' म्हणतात. 'उत्सुकता शिगेला पोचली' म्हणतो त्यातली शीग ती हीच. सढळ हाताचा दुकानदार शीग राहू द्यायचा, चिकट दुकानदार काठावरून हात फिरवून माप सपाट करायचा. ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास म्हणजे माझ्या मते ह्या शिगेचा इतिहास आहे. ती मुळात असते का, असली तर कोणाची, आणि ती उचलताना माप कलंडू नये म्हणून काय करायचं.

* * *

प्रोसेसरच्या आत असंख्य बारीक स्विच असतात. त्या सगळ्यांनी एका तालावर काम करावं म्हणून मदरबोर्डवर क्वार्ट्झच्या स्फटिकाचं एक घड्याळ असतं. लेझमीच्या पथकाला हलगी लागते ना, तसं. हलगीचा ठोका पडला की सगळ्यांनी एक पाऊल टाकायचं. हलगीवाल्याने लय वाढवली की पथकही जोरात नाचतं, पण एका मर्यादेनंतर कोणाचा तरी पाय चुकतो. स्विचचंही तसंच आहे. पहिल्या ठोक्याचं काम पुरं व्हायच्या आत दुसरा ठोका पडला, तर अर्धवट उत्तरच खरं म्हणून पुढे सरकतं.

आता हा ठोका किती वेगाने पडावा हे कोण ठरवतं? आपल्याला वाटतं, इंजिनियरांनी बारकाईने मोजून ठरवलं असेल. आयबीएमने १९८१ साली जो पहिला पीसी काढला त्याचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. हा चमत्कारिक आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीतून! त्या मशीनमध्ये १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता. त्याला चाराने भागलं की अमेरिकन रंगीत टीव्हीला लागणारी ३.५८ ची वारंवारता मिळायची, आणि तिनाने भागलं की ४.७७. एकाच स्फटिकात दोन कामं, खर्चात बचत. त्यातला इंटेलचा ८०८८ प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला होता. म्हणजे जगातला पहिला आयबीएम पीसी त्याच्या लायकीपेक्षा किंचित मंदच चालत होता. मापावर शीग पहिल्या दिवसापासून होती.

ती लोकांच्या लक्षात आली १९८४ साली. आयबीएमने 'पीसी एटी' काढला, ८०२८६ प्रोसेसरवाला, ६ मेगाहर्ट्झचा. त्याचा १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक बोर्डावर खोबणीत बसवलेला होता, डाग दिलेला नव्हता. कुणीतरी तो उपटून १६ चा बसवला, आणि मशीन ८ मेगाहर्ट्झने चालू लागलं. काही डॉलरांत एक तृतीयांश वेग जास्त! असे स्फटिक टपालाने विकले जाऊ लागले. आयबीएमने मग काय करावं? पुढच्या बायॉसमध्ये एक तपासणी घातली. मशीन ठरल्याहून जास्त वेगाने धावतंय असं दिसलं की ते सुरूच व्हायचं नाही. पुढे १९८६ साली आयबीएमने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी बाजारात आणला.

ह्या एका प्रसंगात पुढची सगळी गोष्ट आली आहे. गिऱ्हाइकाला शीग दिसते, तो ती उचलतो, दुकानदार हात फिरवून माप सपाट करतो, आणि तीच शीग नव्या मापात घालून नव्या भावाने विकतो.

* * *

पण मुळात शीग ठेवतातच का? प्रोसेसर सिलिकॉनच्या एका मोठ्या चकतीवर शेकड्यांनी एकदम घडवले जातात आणि मग कापून सुटे करतात. एकाच घाण्यातल्या सगळ्या चकल्या सारख्या उतरत नाहीत, तसंच इथेही. म्हणून प्रत्येकाची चाचणी होते आणि निवडणूक होते: हा जास्त वेगाचा, हा मधला, हा कमी वेगाचा. वर थोडी सवलत धरतात. गिऱ्हाइकाची खोली तापलेली असेल, पॉवर सप्लाय हलका असेल, पंख्यात धूळ बसेल, दहा वर्षांनी चिप म्हातारी होईल. ह्या सगळ्यातही ती बरोबर चालली पाहिजे. ही झाली इंजिनियरची शीग.

दुसरी शीग बाजाराची. कारखान्याचा हात बसला की जवळजवळ सगळा माल उत्तम उतरू लागतो. पण बाजारात मागणी असते स्वस्त मालाची. मग चांगल्या चिपवरही कमी वेगाचा आकडा छापला जातो. पोत्यात तांदूळ आंबेमोहोर, वर चिठ्ठी कणीची!

ह्याचा गैरफायदा घेणारेही निघाले. नव्वदच्या दशकात कमी वेगाच्या चिपवरचा आकडा खरवडून जास्तीचा आकडा छापायचे आणि चढ्या भावाने विकायचे. ज्या देशांत 'असेम्बल्ड' मशीनचा बाजार मोठा, तिथे गिऱ्हाइकाने डोळ्यांत तेल घालून खरेदी करावी अशी परिस्थिती. आपल्याकडचा लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) अशाच सुट्या भागांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. तिथून आणलेल्या डब्यातला आकडा खरा का, हा प्रश्न त्या काळी संगणक घेणाऱ्या मुंबईकराच्या मनात असायचाच. इंटेलने नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रोसेसरचा गुणक कायमचा कुलूपबंद केला, तेव्हा ह्याच फसवणुकीकडे बोट दाखवलं होतं. कारण खोटं नव्हतं. पण त्या कुलपाने प्रामाणिक हौशी माणसाचीही वाट बंद झाली, आणि ते कंपनीला काही गैरसोयीचं नव्हतं.

'गुणक' म्हणजे काय ते इथेच सांगतो, पुढे लागेल. १९९२ च्या ४८६ डीएक्स-२ पासून प्रोसेसर बोर्डाच्या ठोक्याच्या काही पट वेगाने चालू लागले. बोर्डाचा ठोका ३३ आणि गुणक २, तर प्रोसेसर ६६. म्हणजे वेग वाढवायचे मार्ग दोन: गुणक वाढवा किंवा बोर्डाचा ठोका वाढवा. पहिल्या मार्गाला कुलूप लागलं. राहिला दुसरा.

* * *

आणि मग आलं १९९८. इंटेलने एप्रिलमध्ये 'सेलेरॉन' नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला, तो दुसऱ्या पातळीची कॅश साफ काढून टाकून. त्याची खूप टिंगल झाली. २४ ऑगस्टला कंपनीने चूक सुधारली आणि 'सेलेरॉन ३०० ए' आणला. ह्यात १२८ किलोबाइट कॅश होती, आणि ती वेगळ्या चिपवर नाही तर प्रोसेसरच्याच पोटात, त्याच्याच वेगाने चालणारी. त्याच दिवशी महागडा पेंटियम टू ४५० मेगाहर्ट्झसुद्धा बाजारात आला. त्याची कॅश ५१२ किलोबाइट, पण निम्म्या वेगाची. घाऊक किमती १४९ डॉलर आणि ६६९ डॉलर.

आता गणित बघा. सेलेरॉनचा गुणक ४.५, बोर्डाचा ठोका ६६. गुणिले तीनशे. पण त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्याच ४४० बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर १०० चा ठोका अधिकृतपणे उपलब्ध होता. ४.५ गुणिले १००, बरोबर ४५०! आणि कॅश पोटातच असल्यामुळे अडखळणारं बाहेरचं काही नव्हतं. यातले पुष्कळ नग फारशी कुरकुर न करता ४५० ला चालले आणि साडेचार पट महाग भावाशी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ज्यांच्या बोर्डाला ठोका हाताने बदलता येत नव्हता त्यांनी प्रोसेसरच्या 'बी-२१' नावाच्या पट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला, की बोर्डाला वाटायचं ही १०० वालीच चिप आहे. तैवानच्या एबिटने 'बीएच-६' सारख्या बोर्डांवर बायॉसच्या पडद्यावरच ठोका आणि व्होल्टेज बदलायची सोय दिली. जंपर उपटाउपटी संपली, आणि हा उद्योग सोल्डरिंग येणाऱ्या मोजक्या लोकांच्या हातून साध्या माणसाच्या हाती आला.

ह्या कहाणीतला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र वेगळाच आहे. काही लोक भित्रेपणाने म्हणायचे, "एकदम १०० नको, आधी ८३ करून बघू." आणि नेमकं तेच जास्त धोक्याचं होतं! कारण बोर्डावरची पीसीआय बस, जिच्याशी हार्ड डिस्क जोडलेली असते, ती ३३ मेगाहर्ट्झला चालायला हवी. तिला ठोका मिळतो तो मुख्य ठोक्याला भागून. मुख्य ठोका १०० असेल तर भागिले तीन, म्हणजे ३३, सगळं ठाकठीक. पण ८३ ला भागिले दोन, म्हणजे ४१.५. प्रोसेसर मजेत आणि हार्ड डिस्कवर फायली गुपचूप बिघडतायत! सुरक्षितपणा म्हणजे 'थोडंसंच वाढवणं' नव्हे. आपण एक दोरी ओढली की तिच्याबरोबर आणखी काय काय ओढलं जातं, हे माहीत असणं म्हणजे सुरक्षितपणा.

२००० साली एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्ड अॅथलॉनचं कुलूप तर लोकांनी शिसपेन्सिलीने उघडलं. चिपच्या पाठीवर 'एल-१' नावाचे तुटलेले बारीक पूल होते. पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं, म्हणून ते पूल पेन्सिलीने गिरवून जोडले की गुणक मोकळा. एका रुपयाच्या पेन्सिलीने कोट्यवधी डॉलरच्या कारखान्याचं कुलूप उघडावं, ह्यात आनंद वाटला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय.

* * *

आता भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे. जळतो का?

जळायचे. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर' ह्या संकेतस्थळाने एक व्हिडिओ काढला होता. चालू मशीनच्या प्रोसेसरवरून हीटसिंक उचलायचा आणि काय होतं ते बघायचं. एएमडीच्या अॅथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला. पेंटियम ४ मात्र स्वतःच मंदावला आणि रखडत का होईना चालत राहिला, कारण त्यात उष्णता पाहून वेग आवरायची सोय होती. आज अशी सोय सगळ्याच डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये असते, त्यामुळे धूर निघणं फार दुर्मिळ झालंय.

पण धुराखेरीज दोन धोके आहेत आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिला, अकाली म्हातारपण. चिपमधली उष्णता ठोक्याच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ठोका २० टक्के वाढवला आणि तो पेलण्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर उष्णता १.२ गुणिले १.२१, म्हणजे ४५ टक्के जास्त. शिवाय चिपमधल्या अतिबारीक तारांतून वीज जाताना इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना पुढे ढकलत राहतात. ओढ्याचं पाणी काठाची माती नेतं तसं. मोटोरोलामधल्या जेम्स ब्लॅक ह्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ह्याचं सूत्र मांडलं. प्रवाह दाट झाला आणि तापमान वाढलं की तार लवकर झिजते. २००२ मध्ये आलेल्या 'नॉर्थवुड' पेंटियम ४ चं नेहमीचं व्होल्टेज साधारण १.५ होतं. हौशी लोकांनी ते १.७ च्या वर नेलं. मशीनं मस्त चालली, आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत एकामागून एक मेली. चांगली थंड ठेवलेली सुद्धा! नुसता पंखा मोठा केला म्हणजे भागत नाही, हे लोक त्या वेळी शिकले.

दुसरा धोका मला जास्त गंभीर वाटतो. प्रोसेसर मरण्याच्या कितीतरी आधी खोटं बोलू लागतो. मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन ह्यांनी २००५ मध्ये आपल्या ब्लॉगवर लिहिलं होतं की, विंडोज कोसळल्याचे जे अहवाल येतात त्यांत काही निव्वळ अशक्य असतात. 'हा खण रिकामा कर, त्यात शून्य ठेव' इतकी सरळ आज्ञा, जी चुकूच शकत नाही, तिथे मशीन कोसळलेलं. चौकशी केली तर मशीन ओव्हरक्लॉक केलेलं निघायचं. आणि त्यातल्या कित्येक मालकांना ते माहीतच नव्हतं! दुकानदाराने परस्पर वेग वाढवून, जास्त वेगाचं म्हणून ते त्यांच्या गळ्यात मारलेलं. पुढे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी दहा लाखांच्या आसपास घरगुती मशीनांचे अहवाल तपासले. ओव्हरक्लॉक केलेली मशीनं जास्त कोसळतात हे अपेक्षितच होतं. पण छापील वेगापेक्षा मंद चालवलेली मशीनं नेहमीच्यांपेक्षाही भरवशाची ठरली. शीग जितकी जास्त ठेवाल तितकं माप स्थिर.

कोसळलं तर निदान कळतं. न कोसळता चुकीचा आकडा लिहिला गेला तर? आजीचा स्कॅन केलेला फोटो, बहिणीचा प्रबंध, सोसायटीचे हिशेब. ते सगळं ह्याच स्विचांतून जातं, आणि त्यांतला एक पाय चुकला तर हलगीवाल्याला पत्ता लागत नाही.

* * *

तेव्हा भाच्यासाठी (आणि त्याच्या वयाच्या सर्वांसाठी) रीत सांगतो. ही कोणा एकाने शोधलेली नाही, वर सांगितलेल्या प्रत्येक फजितीतून तिचा एकेक नियम आला आहे.

सगळ्यात आधी महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत बाहेर काढून ठेव. बायॉसचे मूळ आकडे वहीत लिही आणि मशीन सुरूच झालं नाही तर बायॉस मूळपदावर आणायचा जंपर बोर्डावर कुठे आहे ते आधी शोध.

मग काहीही न बदलता पूर्ण भार देऊन तापमान बघ. इथे एक आपल्या मुलखाची गोष्ट. थंड खोलीत बसून कुणी लिहिलेले आकडे जळगावच्या नाहीतर नागपूरच्या मे महिन्याला लागू पडत नाहीत. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाच्या वर चढतो. २५ च्या खोलीत ७५ ला थांबणारी चिप ४० च्या खोलीत साधारण ९० ला जाईल, आणि आजच्या बहुतेक चिपा ९५ ते १०० ला स्वतःच आवरतं घेतात. तेव्हा डिसेंबरात मिळालेला वेग मे महिन्यात पुन्हा तपासायचा.

एका वेळी एकच गोष्ट बदल. गुणक मोकळा असलेली चिप असेल तर फक्त गुणक, आणि तोही एकाच पायरीने. बोर्डाचा मूळ ठोका तसाच राहू दे (८३ ची गोष्ट आठव). मेमरी तिच्या छापील वेगावर. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नकोस. बोर्डं ह्या बाबतीत फार उधळी असतात, न मागता वाढवून देतात. आपल्या चिपला किती व्होल्टेज चालतं ते आधी वाच, त्याच्या आतली एक मर्यादा ठरव, आणि मोहाच्या क्षणी ती ओलांडू नकोस.

प्रत्येक पायरीनंतर तपासणी. ह्यासाठी 'प्राइम ९५' नावाचं सॉफ्टवेअर आहे. १९९६ मध्ये जॉर्ज वॉल्टमन ह्यांनी सुरू केलेल्या मर्सेन मूळसंख्यांच्या शोधातून ते आलं. त्या शोधात आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या गणितात एक बिट चुकला तरी सगळं मुसळ केरात. म्हणून मशीनला घाम फोडून, आलेलं उत्तर माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहणारी चाचणी त्यात आहे. ती काही तास चालव. मेमरीची चाचणी वेगळी. विंडोजच्या नोंदवहीत 'हार्डवेअरने चूक दुरुस्त केली' अशा नोंदी दिसल्या तर त्या शाबासकी नव्हेत, सूचना आहेत.

आणि शेवटचा नियम. जिथे मशीन अडखळलं तिथून एक नाही, दोन पायऱ्या मागे ये आणि तिथेच थांब. इंजिनियरने ठेवलेली शीग तू उचललीस ना? मग तुझी स्वतःची थोडी शीग माघारी ठेव. सुरक्षित ओव्हरक्लॉकिंग म्हणजे एवढंच.

* * *

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक कबूल करायला हवं: आज ह्यातून मिळतं फार थोडं.

आधीची तीसेक वर्षं ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही कमी करता यायचं आणि वेग जवळजवळ फुकटात वाढायचा. २००५ च्या सुमारास ते थांबलं. इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची घोषणा केली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये ती मागे घेतली. त्यावरून कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट ह्यांनी एका परिषदेत व्यासपीठावर गमतीने गुडघे टेकून माफी मागितली होती. वेग असा सहज मिळेनासा झाल्यावर शिगेची किंमत वाढली. २००८ च्या कोअर आय-७ मध्ये 'टर्बो बूस्ट' आला: थंडावा आणि वीज शिल्लक असेल तर प्रोसेसर स्वतःच वेग वाढवणार. २०११ मध्ये 'सँडी ब्रिज' आला आणि बोर्डाचा ठोका इतर सगळ्याशी असा बांधला गेला की तो हलवणंच अवघड. मोकळा गुणक मिळे तो नावात 'के' असलेल्या, चार पैसे महाग चिपवर. २०१२ पासून २०२१ पर्यंत तर इंटेल ओव्हरक्लॉकिंगचा विमाही विकत होती. १९८४ साली लोक जी शीग परस्पर उचलत होते, ती आता पुडीत बांधून भावासकट मिळू लागली.

आणि मग कंपन्यांनीच हात फार खोल घातला. २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या काही चिपा खोबणीतच जळाल्या. मेमरी जलद चालवायचं तयार सेटिंग लावलं की काही बोर्डं परस्पर जास्त व्होल्टेज देत होती. एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या, ६ गिगाहर्ट्झपर्यंत धावणाऱ्या चिपा ज्यांनी कधी बायॉस उघडलंही नव्हतं अशांच्या घरी म्हाताऱ्या होऊन अडखळू लागल्या. जास्तीचं व्होल्टेज मागितलं जात होतं, कंपनीच्याच आज्ञावलीतून. ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्ती आली आणि हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. नॉर्थवुडवाल्या हौशी पोरांचीच चूक, बावीस वर्षांनी, कारखान्याने केली. फरक इतकाच, की पोरांनी ती स्वतःच्या मशीनवर केली होती.

द्रव हेलियम ओतून २०२२ मध्ये एका चिपने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले. तो विक्रम ठीक आहे. घरच्या टेबलावर आज शहाणपणाचा उद्योग उलटा आहे: वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं थोडं कमी करत नेणं. रीत अगदी तीच. एका वेळी एक पायरी, वहीत नोंद, तासन्‌तास तपासणी, दोन पायऱ्या माघार. त्याने मशीन थंड राहतं, पंखा कमी ओरडतो, विजेचं बिल किंचित उतरतं. ह्यातही पाय चुकू शकतो, म्हणून तपासणी टाळायची नाही.

मग सेलेरॉनच्या त्या दिवसांतून उरलं काय? मला वाटतं, एक सवय उरली. डब्यावर छापलेला आकडा म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे, कोणीतरी, कोणत्यातरी हिशेबाने काठावर फिरवलेला हात आहे, हे ओळखण्याची सवय. तो हिशेब कधी आपल्या भल्याचा असतो, कधी दुकानाच्या, आणि बहुधा दोन्हींचा मिळून असतो. तो समजून घ्यायला वही, पेन्सिल आणि चिकाटी लागते. आणि एकदा समजला की कळतं, काही मापांवरची शीग उचलायची असते आणि काहींवरची तशीच राहू द्यायची असते.